वैशालीचा पाचवा डबा

आमची मुक्ता एक वर्ष जपानच्या युनिव्हर्सिटीत शिकून आली. गेली ती एकटी, पण किस्से जमले ते इथे बहरीनमध्ये, आमच्या शुक्रवारच्या टेबलावर. माणूस लांब गेलं की त्याच्या एवढ्याशा गोष्टीचाही किस्सा होतो. घरात असताना ती दिवसभर काय करते हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. तिकडे गेल्यावर तिने कचरा टाकला तरी आमची मीटिंग!

टेबल अदलियातल्या एका कॅफेत. मी, माझी बायको वैशाली आणि हमीदभाई. मी मूळचा पुण्याचा, इथे एसी प्लांटवर इंजिनिअर. हमीदभाई रत्नागिरीचे, तीस वर्षांपासून इथे, जिदहफ्सला त्यांचं हार्डवेअरचं दुकान. शुक्रवारी सकाळी नऊला करक चहा घ्यायचा, जुम्याच्या नमाजाआधी उठायचं, आणि मधल्या वेळात मुक्ताला व्हिडिओ कॉल. आमचे सकाळचे नऊ म्हणजे तिचे दुपारचे तीन.

मुक्ताचा जन्म इथलाच, कॉलेज सखीरच्या कॅम्पसवर. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. स्वभाव असा की हॉटेलात चुकीची डिश आली तरी मुकाट्याने तीच खाईल. आणि ही पोर सप्टेंबरमध्ये एकटी जपानला निघाली!

*

आधी वैशाली आणि डबे, हे प्रकरण सांगायला हवं.

आमच्या लग्नात माझ्या सासूबाईंनी स्टीलच्या पाच डब्यांचा सेट दिला. प्रत्येक डब्यावर आणि झाकणावर नाव कोरलेलं, 'वैशाली'. हे पाच डबे बहरीनभर फिरतात, पण डबा गेला की तिसऱ्या दिवशी वैशालीचा फोन जातो.

एकदा चकलीचा डबा हमीदभाईंकडे गेला आणि महिनाभर आलाच नाही. शेवटी वैशाली स्वतः त्यांच्या दुकानात जाऊन थडकली. बघते तर डबा काउंटरमागे, आणि आत दीड इंची खिळे! तिने खिळे काउंटरवर ओतले, डबा उचलला आणि म्हणाली, "हमीदभाई, शोभतं का हे तुम्हाला?"

हमीदभाई शांतपणे म्हणाले, "वयनी, रिकामा तर नव्हता ना ठेवला!"

तर हा पाचच्या पाच डब्यांचा सेट मुक्ताच्या बॅगेत गेला. रवा, मेतकूट, चटणी, चिवडा आणि लाडू. मला वाटतं, वैशालीने त्या दिवशी तिच्यावर किती जीव आहे ते तोंडाने सांगितलं नाही, डबे दिले.

*

तिकडच्या प्रोफेसरांनी मुक्ताला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "रिपोर्ट गुरुवारपर्यंत होईल?"

बहरीनमध्ये वाढलेली पोर. सवयीने बोलून गेली, "इंशाल्ला!"

प्रोफेसरांनी अर्थ विचारला. तिने सांगितला, देवाची इच्छा असेल तर. त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि फार गंभीरपणे विचारलं, "आपल्याला साधारण किती टक्के धरता येईल?"

ती घाबरून म्हणाली, "एटी." त्यांनी तिच्या नावापुढे लिहून घेतलं, ऐंशी टक्के.

कॅफेत हे ऐकून हमीदभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "ऐंशी? अगो, माझ्या दुकानाच्या कागदपत्रांवर इथल्या ऑफिसांचा इंशाल्ला तीस वर्षांत चाळीसच्या वर कधी गेला नाही!"

*

ऑक्टोबरात मात्र एक शुक्रवार वाईट गेला.

फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "बाबा, आय वॉन्ट टू कम होम." कोणी त्रास देत नव्हतं, कोणी वाकडं बोलत नव्हतं. बोलतच नव्हतं. तीन आठवड्यांत वर्गात कोणी तिचं नाव घेऊन हाक मारली नव्हती, आणि ही आपणहून बोलायला जाणाऱ्यातली नव्हेच.

वैशाली ठाम. "डिसेंबरपर्यंत थांब. तेव्हाही नकोसं वाटलं तर बाबा तिकीट काढतील. आत्ता परत आलीस तर पुन्हा कुठेच जाणार नाहीस तू." फोन ठेवला आणि कॅफेच्या बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटांनी बाहेर आली, डोळे धुऊन.

मी तेवढा ठाम नाही. मी त्याच दिवशी मोबाइलवर तिकिटाचं पान उघडलं आणि उघडंच ठेवलं. रोज बघायचो. वैशालीला अर्थातच सांगितलं नाही.

*

पुढच्याच आठवड्यात कचऱ्याचा प्रकार झाला. तिकडे कचऱ्याचे वार ठरलेले. जाळायचा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या. मुक्ताने प्लास्टिक नेमकं चुकीच्या वारी ठेवलं. संध्याकाळी पिशवी तिच्या दारात परत, वर चिठ्ठी! खालच्या मजल्यावरच्या ओकादा आजींची. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात.

मुक्ता रडकुंडीला आलेली. वैशाली म्हणाली, "खाली जा आणि सॉरी म्हण. रिकाम्या हाताने जाऊ नको."

मग व्हिडिओवर बघत बघत मुक्ताने आयुष्यातला पहिला शिरा केला. गुठळ्यांसकट, लाडू संपून रिकाम्या झालेल्या पाचव्या डब्यात भरला आणि खाली देऊन, वाकून, पळून आली.

दुसऱ्या दिवशी डबा परत. घासून लख्ख, आणि आत उकडलेली रताळी!

*

आता खरी गंमत. लहानपणापासून मुक्ताने घरात एकच वाक्य ऐकलेलं, 'डबा रिकामा परत द्यायचा नसतो.' तिने त्याचा सरळ अर्थ घेतला, हातात डबा आला की भरून पाठवायचा. म्हणून तिने उपमा पाठवला. तिकडे जपानी रीत अशी की भेट आली की परतभेट द्यायलाच हवी. आजींनी लोणच्याचा मुळा पाठवला. हिने पोहे. त्यांनी भोपळा.

दोघींपैकी एकीलाही थांबता येईना! महिन्याभरात डबा चौदा वेळा जिना चढला आणि तेवढ्याच वेळा उतरला. हिचा रवा संपला, ती बटाट्याच्या भाजीवर आली.

हे कळल्यावर वैशालीने कपाळावर हात मारला. "अगं, तो डबा आपलाच आहे ना! तो आपल्या घरी आला की विषय संपला. खलास!"

मग मुक्ता म्हणाली, "ओह." आणि थोड्या वेळाने, "बट आई, थर्सडेला इट्स माय टर्न. शी विल बी वेटिंग."

त्या शुक्रवारी वैशालीने पहिल्यांदाच दुसरा चहा मागवला.

*

डब्यावरच्या नावाचाही एकदा किस्सा झाला. आजी कोरलेल्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही कंपनी फार चांगली दिसते. एवढी वर्षं झाली म्हणतेस, झाकण अजून घट्ट!"

मुक्ताने मोडक्या जपानीत सांगितलं, कंपनी नाही, आई आहे. त्यावर आजींनी डबा दोन्ही हातांत धरला आणि त्याला वाकून नमस्कार केला.

तेव्हापासून घरात तिला काहीही बोललं की वैशालीचं एकच उत्तर, "कंपनी चांगली आहे!"

*

हमीदभाईंनी आजींसाठी इथून खजूर पाठवले. उत्तरादाखल जपानहून एक बरणी आली. आम्ही ती कॅफेत उघडली. आत लालसर, सुरकुतलेली फळं. तीस वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसाला सुरकुतलेलं फळ दिसलं की तो खजूरच समजणार. हमीदभाईंनी 'बिस्मिल्ला' म्हणून दोन एकदम तोंडात टाकली.

ती खारवलेली जपानी आंबट फळं होती. हमीदभाईंचे डोळे मिटले, कान लाल झाले, खांदे वर गेले. वैशालीने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी हातानेच नको म्हटलं. दोन मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "याच्यासंगती पेज पायजे."

फोनवरून मुक्ता ओरडली, "अंकल! हिअर दे गिव्ह इट टू सिक पीपल, विथ राइस पेज!"

हमीदभाईंनी बरणीचं झाकण लावलं, बरणी कुशीत घेतली आणि म्हणाले, "मग जपान कसला गो? रत्नागिरीच ती." बरणी आम्हाला परत मिळाली नाही.

*

डिसेंबर आला. मी धीर करून विचारलं, "मुक्ता, मग तिकिटाचं काय करायचं?"

"व्हॉट तिकीट? बाबा, नॉट नाऊ! इट्स मुळा सीझन!"

*

ऑगस्टमध्ये ती परत आली. एअरपोर्टवर वैशालीने तिला इतकं घट्ट धरलं की मागच्या ट्रॉल्या थांबल्या. घरी आल्यावर मात्र तासाभरात बॅग उघडून डबे मोजायला बसली. एक, दोन, तीन, चार. पाचव्याचं नुसतं झाकण!

"मुक्ता, डबा कुठे?"

मुक्ता शेजारी जमिनीवर बसली आणि चक्क मराठीत, अडखळत सांगायला लागली. "आई, शेवटच्या दिवशी मी आणायला गेले. आजींनी झाकण दिलं फक्त. डबा नाही दिला. त्या म्हणाल्या, रिकामा परत द्यायचा नसतो, हे तूच मला शिकवलंस. आत काय भरायचं ते मी अजून ठरवते आहे. मी म्हातारी आहे, मला ठरवायला वेळ लागतो."

मी वैशालीकडे बघितलं. हीच बाई एका डब्यासाठी जिदहफ्सपर्यंत गेली होती आणि काउंटरवर खिळे ओतून आली होती.

ती उठली. झाकण धुतलं, पुसलं, चार डब्यांशेजारी मांडणीवर नीट उभं केलं.

मग न वळताच मला म्हणाली, "अहो, ते तिकिटाचं पान तुमच्या मोबाइलमध्ये रोज उघडं असायचं ना, ते आहे का अजून?"