भाऊजींचे नवे दात

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सोफे आणि खुर्च्या मढवायचे. या धंद्यात माणसाला दोन हात कमी पडतात. एका हातात ताणलेलं कापड, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे धरायचे कशात? तोंडात. बारीक खिळ्यांची मूठ गालात भरायची आणि जिभेने एकेक पुढे ढकलून ओठांवर आणायचा. भाऊजींचं कौतुक असं की हे सगळं चालू असताना ते बोलायचेही. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस एक तर तोतरा आहे नाहीतर उर्मट.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते बाबांची आरामखुर्ची मढवायला. गुडघ्यावर बसून, तोंडात खिळे घेऊन त्यांनी बाबांकडे काहीतरी मागितलं. बाबा म्हणाले, "काय?" त्यांनी पुन्हा सांगितलं. बाबा पुन्हा "काय?" तेवढ्यात दारात उभी असलेली ताई आत गेली आणि कात्री घेऊन आली. लहानपणी मोठा ताप आला आणि तेव्हापासून ताईला अजिबात ऐकू येत नाही. बोलते ती, जरा सपाट आवाजात, पण समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून वाचते. धडधाकट कानांच्या बाबांना जे कळलं नाही ते तिला कळलं. भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. त्या एका खुर्चीला मग इतके दिवस लागले की बाबांनी शेवटी विचारलं, खुर्ची मढवताय की पाळताय?

लग्न झालं. आमच्याशी बोलताना ताईला हातवारे लागायचे, अंदाज लागायचे, कधी कधी तर आम्ही बोलायचो एक आणि ती समजायची भलतंच. भाऊजींचं मात्र तिला सगळं कळायचं. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, अर्धवट पाठमोरे असताना, तोंडात खिळे असताना. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती, बाजूचा एक दात तिरका होता, आणि बोलताना वरचा ओठ त्या तिरक्या दातावर जरासा अडायचा. तिला ते सगळं पाठ होतं. भांडण जिंकायचं असेल तर ती सरळ डोळे मिटून घ्यायची. मग भाऊजींनी कितीही तोंड सोडलं तरी काय उपयोग? लोक सांगायचे, लिहून दाखवत जा की तिला. ताई म्हणायची, "लिहून बोलायला मी काय बँकेत आलेय?"

दुकान खाली आणि घर वर. संध्याकाळी दुकान बंद करून ते वर यायचे, हातपाय धुऊन तिच्यासमोर बसायचे आणि दिवसभराचं सांगायचे. कोण आलं, कोणी घासाघीस केली, कोणाच्या सोफ्याच्या पोटातून काय निघालं. कंगवे, नाणी, बाळाचा मोजा, एकदा तर अख्खी कवळी निघाली होती. ताई हसून हसून बेजार व्हायची. माझे यजमान रोज घरी येऊन पेपरात तोंड घालायचे. मला ताईचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

साठी उलटल्यावर भाऊजींच्या हिरड्या बिघडल्या. त्यात रक्तातली साखर. दात हलायला लागले, ठणकायला लागले. पोळी चहात बुडवूनही चावेना. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणून ते आधी हसण्यावारी न्यायचे, पण पुढे पुढे जेवणाच्या ताटावरून अर्धपोटी उठायला लागले. माझी भाची, म्हणजे त्यांची मुलगी, त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाल्या, एकही दात वाचण्यासारखा नाही. सगळे काढू, हाडात स्क्रू बसवू, त्यावर त्याच दिवशी तात्पुरते दात घट्ट बसवू. हाडाने स्क्रू घट्ट धरले की काही महिन्यांनी कायमचे.

तयारी अशी केली की मुलीच्या लग्नातही केली नसेल. ताईने त्यांच्या गोडावर असा पहारा बसवला की साखर आटोक्यात आली. जबड्याचे स्कॅन झाले, मापं झाली. शस्त्रक्रियेनंतर डोकं उंच ठेवून झोपायचं होतं, म्हणून भाऊजींनी स्वतःच दुकानातल्या फोमची उतरती गादी कापली आणि तिला मापात अभ्रा शिवला. फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्या, ओट्यावर नवा मिक्सर. मी म्हटलं, भाऊजी, एवढ्या तयारीत माणूस चंद्रावर जाऊन येतो.

एकच गोष्ट राहिली. नवे दात कसे हवेत ते ठरवायला डॉक्टरांनी बोलावलं, त्या दिवशी भाची आणि भाऊजी आत गेले. ताई बाहेर बाकावर बसली, मांडीवर त्यांची पिशवी घेऊन, आणि तिच्या सोबतीला मी. आत बोलणंच व्हायचं होतं, आणि तिला ऐकू येत नाही, मग तिला आत नेऊन काय करायचं, असा साधा हिशेब. डॉक्टरांनी पडद्यावर हसरे चेहरे दाखवले. भाचीने त्यातले सगळ्यात सरळ, एकसारखे दात निवडले. फट नको, तिरका दात नको. आता करतोच आहोत तर चांगले करू, असं भाऊजींनाही वाटलं. त्या तोंडाकडे ज्या बाईने जन्मभर पाहिलं होतं ती भिंतीपलीकडे बसली होती, आणि तिला विचारावं हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. घरी आले तेव्हा चेहरा भोपळ्यासारखा सुजला होता, डोळ्यांखाली निळं पडलं होतं. पहिले काही दिवस ते बोललेच नाहीत. ताई बर्फ धरायची, कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करायला लावायची, मिक्सरमधून काढलेला भात चमच्याने भरवायची. चूळ जोरात थुंकू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तर ही शेजारी भांडं धरून उभी. तोंडाला कुलूप असताना दोघांचं सगळं नजरेवर चाललं होतं, आणि खरं तर छान चाललं होतं.

सूज उतरली, टाके निघाले, भाऊजी बोलायला लागले. त्या दिवशी मी तिथेच होते. ते म्हणाले, "खिडकी लाव, वारा येतोय." ताईने त्यांच्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि पाण्याचा पेला आणून दिला.

आम्ही हसलो. तीही हसली. पण मग रोजच तसं व्हायला लागलं. नव्या दातांनी वरचा ओठ पुढे आला होता. जिथे अडायचा तिथे तो आता अडत नव्हता, फट होती तिथे भिंत झाली होती. ताईला वाटलं आपली नजर कमी झाली. तिने चष्म्याचा नंबर बदलून आणला. भाऊजी आरशासमोर उभे राहून जुनं बोलणं आठवायचे, ओठ वाकडा करून बघायचे. भाची म्हणाली, कायमचे दात आले की जमेल. कायमचे आले. ते आणखीच सरळ होते. डॉक्टर म्हणाल्या, बोलणं उत्तम आहे. ते खरंच होतं. गिऱ्हाइकांना भाऊजींचा शब्द न् शब्द कळायला लागला होता. साऱ्या जगाला कळायला लागला, आणि घरातल्या एका माणसाला कळेनासा झाला.

हळूहळू मात्र सगळं ताळ्यावर आलंसं वाटलं. भाऊजी पुन्हा संध्याकाळी समोर बसून सांगायला लागले, ताई मान डोलवायला लागली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालताना ताई म्हणाली, "मला ह्यांचं काही कळत नाही गं."

मी सावकाश ओठ हलवत विचारलं, "मग मान का हलवतेस?"

"ते थांबले की हलवते. एवढा त्रास सोसलाय त्यांनी. आता कुठे पोटभर जेवतात. मी असं म्हटलं तर त्यांना वाटेल, दात उगाच केले. तू सांगू नकोस." मग चादर झटकत म्हणाली, "कान गेले तेव्हा मी लहान होते, पटकन सवय झाली. आता होत नाही."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे बसले होते. भाऊजी तिला एका बाईच्या सोफ्याची गोष्ट सांगत होते. सांगता सांगता, चेहरा तोच ठेवून, त्याच सुरात म्हणाले, "आणि मग त्या सोफ्यातून वाघ निघाला. मी त्याला चहा पाजला."

ते थांबले. ताईने मान हलवली. "बरं केलंत," म्हणाली.

माझा हात कपावरच राहिला. भाऊजींनी तिच्यावरची नजर काढली नाही, ओठांवरचं हसूही काढलं नाही. ते उतरलं असतं तर तिला ते कळलं असतं. तसंच हसत, तिच्याकडेच बघत ते मला म्हणाले, "धाकटे, मला हे केव्हाच समजलंय. पण हिला सांगू नकोस. वाईट वाटेल तिला."

हे ते तिच्या अगदी समोर, तिच्या डोळ्यांत बघत म्हणाले. ताई मन लावून त्यांच्या ओठांकडे बघत होती. ते थांबल्यावर तिने पुन्हा मान हलवली.

मी तोंड फिरवून खिडकीकडे गेले, कारण माझा चेहरा तिला अजून वाचता येतो. मागे भाऊजी त्या सोफ्याचं पुढचं सांगायला लागले होते.