जर्मनीत गेलेलं नाक

आमच्या कर्जतचा फोटोवाला टोपी डोक्यावर घालत नसे, कॅमेऱ्यावर घालत असे. स्वतःचं टक्कल उन्हात तापत ठेवून म्हणायचा, "माझं काय जळायचं ऱ्हायलंय? काचेमागं कापडाचा पडदा हाय, त्याला जपा."

ही अक्कल त्याला उशिरा आली होती. एकदा आम्ही खोपोलीला वीजघराचे मोठे नळ बघायला गेलो. कॅमेरा खडकावर, सूर्याकडे तोंड करून ठेवला आणि हा भाकरी खायला बसला. थोड्या वेळाने जळका वास आला. "कोनाची बिडी धुमसते रं?" म्हणत त्याने जवळच्या एका गरीब गड्याला पुरता झापला. बिडी कुणाचीच नव्हती. काचेतून एकवटलेल्या उन्हाने पडद्याला भोक पाडलं होतं.

तेव्हापासून त्या भोकातून फिल्मवर उजेड शिरे आणि त्याच्या प्रत्येक फोटोत, एकाच जागी, पांढरा ठिपका येऊ लागला. नवा पडदा जर्मनीहून यायचा आणि लढाई चालू होती. मग माणसं उभी करताना हा दोघांत फट ठेवी, म्हणजे ठिपका भिंतीवर पडे. कुणी मिजास केली की मात्र फट ठेवायला विसरे. कचेरीतल्या एका हेडक्लार्कचं नाक असंच गेलं. तो तणतणत आला, तर हा शांतपणे म्हणाला, "साहेब, नाक जर्मनीत हाय. लढाई संपली की येईल."

असल्या इरसाल माणसाला मी कळंबला आमच्या घरी नेलं, कारण माझी आई अंथरुणाला खिळली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. खाट ओटीवर आणली, सगळं घर भोवती उभं केलं. आईच्या शेजारी त्याने नेहमीची फट ठेवली.

"जागा रिकामी नको रं बाबा," आई म्हणाली. "घरातलं कोन गेल्यावानी दिसतं."

पण तिथे उभं कोण राहणार? फोटोत तोंड पुसलं जाणं म्हणजे अपशकुन. वहिनी मागे सरली, भाऊ आढ्याकडे बघू लागला.

फोटोवाल्याने शेजारच्या वाण्याला हाक मारली. "कॅमेऱ्याची टोपी काढायची, बटण दाबायचं, टोपी परत घालायची. ऊन लागलं तर तुमचं बी नाक ठेवणार नाय." आणि स्वतः आईशेजारी जाऊन उभा राहिला.

आई लवकरच गेली. फोटोत ती हसते आहे, सुरकुती न् सुरकुती दिसते. त्याचे उपकार मी कधी विसरलो नाही.

लढाई संपली, पण पडदा यायच्या आत तोही गेला. हार घालायला फोटो हवा म्हणून त्याची बायको घरोघर विचारत आली. तालुक्याचे फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा एकही नव्हता. मी भीतभीत आमचा पुढे केला. आईशेजारी त्याचा कोट होता, आणि तोंडाच्या जागी पांढरा ठिपका.

तिने फोटो हातात घेतला. मग ठिपक्याच्या वर उरलेल्या टकलावर बोट ठेवलं.

"ह्येच," ती म्हणाली. "सगळ्या बाप्यांच्या डोक्यावर टोपी हाय. यांच्याच नाय."