तहान की गार पाणी

आमचं गाव तानेर, सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकच्या हद्दीजवळ. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ते 'तान्हेर' आहे, सात-बाऱ्यावर 'तानीर' आणि एसटीच्या पाटीवर 'तहानेर'. बोलताना आम्ही सगळे तानेरच म्हणतो.

कुणा राजाची फौज इथं तहानेनं तडफडली म्हणून हे नाव पडलं, असं लहानपणापासून ऐकत आलो. उन्हाळ्यात गावात टँकर यायचा, त्यामुळं शंका घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं. वडील सैन्यात होते. तिथं सोबती त्यांना 'प्यासा' म्हणायचे. ते आईला पाहायला गेले तेव्हा तिच्या चुलत्यांनी तोंडावर विचारलं होतं, "नावातच तहान, तिथं पोरगी कशी द्यायची?" लग्न झालं, पण वडील ते बोलणं विसरले नाहीत.

अलीकडं वेशीवर कमान बांधायचं ठरलं. ग्रामसभेत एक निवृत्त मास्तर म्हणाले, शुद्ध रूप 'तहानेर', तेच लिहा. वडील ताडकन उठले. "जल्मभर ही तहान सोसली आमी. आता दगडात कोरून ठिवायची व्हय?" आणि सभा सोडून घरी आले.

जेवायला बसले, तरी मास्तरांवरची चिडचिड चालूच होती. माझी वहिनी विजापूरकडची. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मामा, आमच्याकडं तण्णीर म्हंजे गार पाणी. स्थळ आलं तवा मला वाटलं, पाण्याचं गाव असंल."

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाई की."

वडील पानावरून उठले आणि मला घेऊन देवळामागच्या जुन्या आडावर गेले. आड गाळानं बुजलेला. काठाच्या दगडांवर मात्र दोरांचे खोल चर पडलेले होते. त्यातल्या एकात बोट घालून ते म्हणाले, "शेंदल्याबिगर दगड असा झिजत न्हाई, गड्या."

पुढच्या सभेत त्यांनी वहिनीलाच बोलायला लावलं. काहींना पटलं. काहींना गावाचं नाव कानडी असणं रुचलं नाही. अखेर बोलतो तसंच, 'तानेर', लिहायचं ठरलं.

खरं काय, मला अजून ठाऊक नाही. गावं आपली नावं ऐकत ऐकत तशी होत जातात की काय, असं कधी कधी वाटतं. सध्या पोरांनी आडातला गाळ काढायला घेतलाय. ओल लागलेली नाही. वडील रोज सकाळी काठावर खुर्ची टाकून बसतात.