पाच जपानी पोरं आणि चौकातला फ्लेक्स

आमच्या कॅफेत एकही फोटो नव्हता. एका जपानी बँडवर जीव टाकणाऱ्या मुलींसाठी काढलेली जागा, आणि बँडमधल्या पाच पोरांपैकी एकाचंही तोंड भिंतीवर नाही! त्यांच्या कंपनीचा नियमच तसा कडक होता: चेहरे वापरायचे नाहीत. प्रत्येक पोराचा एक ठरलेला रंग असतो, म्हणून मी चार भिंतींना चार रंग दिले आणि पाचवा छताला. पिवळ्याच्या नावाने हळदीचं दूध ठेवलं. सांगलीत हळदीला लाजायचं कशाला? पलूसच्या, विट्याच्या मुली रविवारी एसटीने यायच्या आणि एक शब्द कळत नसलेली गाणी तोंडपाठ म्हणायच्या.

मग कंपनीने जपानबाहेर आपल्या नावाची कॅफे काढायचं ठरवलं. मी अर्ज केला. मंजुरी मिळाली तर आम्ही अधिकृत, नाहीतर रंगांसकट सगळं पुसून टाकायचं, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. आठ महिने ईमेल लिहून नाकी नऊ आले, तेव्हा कुठे त्यांची एक बाई पाहणीला यायचं ठरलं. त्यासाठी माझे वडील, आण्णा, मुद्दाम आले. ते दक्षिणेत गलाईचं दुकान चालवतात, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करून देतात. त्यांनी कोपऱ्यात गप्प बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

पाहणीच्या दिवशी सकाळी दूध आणायला चौकात गेले आणि वर बघितलं. भलाथोरला फ्लेक्स. वर नेटवरून उतरवलेली पाचही पोरं, 'सांगली नगरीत हार्दिक स्वागत', आणि खालच्या रांगेत कानाला मोबाइल लावलेले आण्णा, चुलते, मामा, मेहुणे. आमच्याकडे कुत्र्याच्या वाढदिवसालासुद्धा फ्लेक्स लागतो. मला हे आधी सुचायला हवं होतं.

आण्णा खालीच उभे होते. "लय भारी झालाय न्हाई? पावनी परदेशातनं येतीय, चौकात स्वागत नको व्हय?"

"आवं आण्णा, फोटो लावायचा न्हाई हीच तर त्यांची अट हाय! बंद करतील सगळं!"

"मान दिल्यावर कोण रागावतंय गं?"

तेवढ्यात बाईंना घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरचा मेसेज आला, इस्लामपूर सोडलं, म्हणजे तासाभरात दारात. फ्लेक्सवाला फोन उचलेना. मी कॅफेतली सुरी आणि स्टूल आणलं. माझा हात खालच्या रांगेपर्यंतच पुरत होता, म्हणून पहिली सुरी आण्णांच्या तोंडावरून गेली. लोक मोबाइल काढून उभे. मी वरून आण्णांवर ओरडले, "तुमाला बोलवलं कुणी होतं?" आण्णांनी स्टूल धरून ठेवलं होतं.

उरलेला फ्लेक्स खालून ओढून पाडला आणि तुकडे गोळा करताना दिसलं. बाकीच्यांच्या फोटोखाली 'युवा नेते', 'उद्योजक' असं काहीबाही होतं. आण्णांच्या फोटोखाली होतं, 'कॅफेवालीचे वडील'. गावात कुणी विचारलं की कॅफेचं नाव न काढता, मुलगी कुठल्याशा कंपनीत नोकरीला आहे म्हणून सांगणारा हा माणूस! मला तिथंच रडू फुटलं, पण रडायलाही वेळ नव्हता.

बाई आल्या, हळदीचं दूध प्यायल्या, छताकडे बघून हसल्या, वाकून नमस्कार करून गेल्या. आठ दिवसांनी नकार आला. सोबत अख्ख्या फ्लेक्सचा फोटो. मी सुरी शोधत होते त्याच्याही आधी आमच्याच एका रविवारच्या मुलीने तो मोठ्या अभिमानाने नेटवर टाकला होता. तिला तरी काय बोलणार?

भिंती मी स्वतः पांढऱ्या केल्या. कळलं तसं आण्णांनी दुकानातून एक चिठ्ठी लिहून तिचा फोटो पाठवला. 'चूक पोरीची न्हाई, माझी हाय. मी हात जोडतो.' म्हणाले, त्यांच्या भाषेत करून पाठव. मी पाठवली. दुसऱ्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. निर्णय बदलणार नाही.

आण्णा अजून रोज दुकान उघडायच्या आधी फोन करतात.

"आलं का गं उत्तर?"

"न्हाई अजून."

"यील. जपानी माणूस उत्तर दिल्याबिगर ऱ्हात न्हाई."