वहिनीचा बिनआवाजी धडा

आमच्या वहिनीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की शेजारी आपला टीव्ही बंद करतात. फुकटात दुसरं काहीतरी ऐकायला मिळतं ना! पण ती कामाला हॉस्पिटलच्या धुलाईघरात. तिथे मशीनच्या घरघरीत कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. म्हणून तिथल्या बायका नुसते ओठ हलवतात आणि हातांनी बोलतात. कान धरला की ‘कोपरा पकड’. मुठी पिळल्या की ‘अजून ओलं आहे’. नाकावर टिचकी मारली की ‘साहेब आले’, कारण साहेबांचं नाक साहेबांच्या आधी दारातून आत येतं.

ऑफिसने त्यांच्या गावोगावच्या हॉस्पिटलांतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर शिकण्याचं ॲप टाकलं होतं. त्यावर आता फर्मान आलं: प्रत्येकाने आपल्या कामाचा एक व्हिडिओ-धडा करून टाकायचा. वीस जणांनी ‘समजलं’चं बटण दाबलं, तर आपल्या पाळीचं प्रमुख व्हायची संधी. वहिनीला ती जागा हवीच होती.

“आयुष्यभर घड्या घातल्या,” ती म्हणाली, “आता जरा दुसऱ्यांना घालायला लावते!”

रविवारी हॉलमधला सोफा भिंतीला लावला. मोबाइल माझ्याकडे, चादरीचं दुसरं टोक आईकडे, आणि दादाला गप्प बसायची ताकीद. वहिनीने खणखणीत आवाजात नमस्कार केला, इलॅस्टिकची चादर हातात घेतली, आणि आवाज गायब! ओठ हलतायत, हात नाचतायत, शब्द एक नाही.

“अगं वहिनी, आवाज!”

“बोलत तर होते!”

व्हिडिओ दाखवला तेव्हा ती हसून हसून खालीच बसली. पुन्हा केला, पुन्हा तेच. चादर काढून घेतली, तर म्हणाली, “हात रिकामे असले की काही सुचतच नाही गं.” दिवस कलला तेव्हा आईसुद्धा दादाला पंखा लावायला खुणेनेच सांगत होती. शेवटी मुदत संपत आली म्हणून बिनआवाजी धडाच टाकला. वहिनीचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं. किती हौसेने बसली होती ती.

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा लांबच्या हॉस्पिटलमधून उत्तर आलं: “ताई, मशीन चालू असताना बघता आला असा हा पहिलाच धडा. समजलं!” दुसरी म्हणाली, “आमच्याकडे कोपऱ्याला कोपर दाखवतात, पण समजलं!” मग काय, बटणावर बटणं दाबली जायला लागली.

संध्याकाळी वहिनी गॅलरीत वाळलेल्या चादरी काढत होती. तिचा फोन वाजला. ती चादरीसकट धावत आत आली. तोंड उघडलं, हात भिरभिरले, आवाज नाहीच.

“अगं, काय झालं?” दादा घाबरला.

वहिनीने नाकावर टिचकी मारली. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

आई उडी मारून उठली. “साहेब! आपली सून साहेब झाली!”