चुलीपुढचा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सकाळी स्वयंपाकघरात व्हिनेगर सांडलं आणि फिल्म धुण्याच्या रसायनासारख्या त्या आंबूस वासानं मला सांगलीतल्या माझ्या जुन्या डार्करूममध्ये नेलं.

मेढ्याच्या माझ्या मित्राची, रफीकची आई कधी फोटोला बसत नसे. एकदा कशीबशी चुलीपुढं बसली. म्हणाली, "फ्लॅश नको रं, डोळं दिपत्यात." उजेड अगदी कमी, म्हणून चारशे स्पीडची फिल्म मी सोळाशेची, म्हणजे चौपट कमी उजेडात चालणारी, धरून वापरली. अशी फिल्म धुताना डेव्हलपरच्या रसायनात जास्त वेळ ठेवावी लागते. मी ते विसरलो आणि नेहमीच्याच वेळेला बाहेर काढली. निगेटिव्ह जवळजवळ कोरी निघाली.

मेढ्याला गेलो तेव्हा तोंडातून निघून गेलं, "चाची, तुम्ही हललात."

रफीक हसला, "आम्मी, तुला घडीभर गप बसवत न्हाई!"

"हालली आसंन रं," ती ओशाळून म्हणाली. "तुझी फिल्म वाया घालवली. आता न्हाई बसायची." आणि खरंच कधी बसली नाही.

तेव्हा वाटलं, लाज वाचली. आता चाची नाही, तिचा एकही फोटो नाही, आणि आजी हलली म्हणून फोटो नाही, असं रफीक तिच्या नातवंडांना सांगतो.

ती हलली नव्हती. श्वास रोखून बसली होती. एवढं मला रफीकला सांगायचं आहे.