विनायकचं आत्तापुरतं मत

फोन विनायकच्याच नंबरवरून आला. मी मुरबाडला माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये होतो. सकाळची बॅच नुकतीच सुटली होती आणि मुलांनी वाकड्यातिकड्या करून ठेवलेल्या खुर्च्या सरळ करता करता मी तो उचलला. आदल्या भेटीत आमचं थोडं वाजलं होतं, त्यामुळे हॅलो वगैरे न म्हणता मी सुरुवात केली, "बोल, आज कुठलं मत बदललंस?"  मग त्याच्या मुलीचा आवाज आला. "काका, मी सायली." एवढंच बोलून ती थांबली, आणि मला कळलं. पहाटे छातीत कळ आली, गाडी शहापूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, हे मला नंतर त्यांच्या गावाकडे जाताना दुसऱ्यांकडून समजलं. ते माझं पहिलं वाक्य सायलीने ऐकलं, याने मी आजही अवघडतो. तिने ते कधी काढलं नाही. मीही विचारलेलं नाही...

विनायक वेबसाइट बनवायचा. शहापूरहून डोळखांबकडे जाताना आत वळलं की त्याचं गाव. शाळेपासून आम्ही एकत्र. बरीच वर्षं तो आसनगावहून लोकलने नोकरीला जात होता. मग घरून काम करायची पद्धत आली आणि तो पुन्हा ऑफिसला गेलाच नाही. मागच्या पडवीत भाताच्या कणगीशेजारी टेबल टाकून बसायचा. गावात त्याची ओळख 'कॉम्प्युटरचं काहीतरी करतो' एवढीच होती आणि त्याला ती पुरत होती. त्याच्याकडे पैसा किती, हे विचारणारे पुष्कळ असत. त्याच्याकडे मतं किती, हे मात्र फक्त मला आणि वैशालीवहिनींना ठाऊक होतं.

प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत असे आणि प्रत्येक मताच्या शेवटी तो म्हणे, "हे आत्तापुरतं हां." मुलांच्या हातात फोन देऊ नये, असं तो एका उन्हाळ्यात कडाडून सांगत फिरला. पुढे एका पाड्यावर एक मुलगी अंगणातल्या दगडावर चढून, रेंज पकडून, अपूर्णांकांचा व्हिडिओ बघताना त्याला दिसली. घरी यायच्या आतच त्याने मला फोन केला. "सद्या, ते फोनचं कॅन्सल. पण आता नवा प्रश्न पडला. ती व्हिडिओ बघत होती का व्हिडिओ संपायची वाट बघत होती?" मग तो परत त्या पाड्यावर गेला, विचारायला. मुलीने उलट त्यालाच एक गणित घातलं आणि त्याचं चुकलं, हे त्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. इंग्रजी आल्याशिवाय या धंद्यात पाऊल टाकू नये, हेही एक मत होतं. ते दोन वर्षं टिकलं. त्याच्या मतांची मी थट्टा करायचो. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा. मी क्लास काढला तेव्हा जी मतं होती, तीच घेऊन आजपर्यंत बसलो आहे.

आता त्या आदल्या भेटीबद्दल. आम्ही नेहमी किन्हवलीच्या नाक्यावर भेटायचो, त्याला शहापूरकडून आणि मला मुरबाडकडून साधारण सारखंच पडतं म्हणून. बाकड्यावर बसलो होतो, चहा सांगितला होता, यायचा होता. विनायक एकदम म्हणाला, "सायलीला सांग, कॉम्प्युटरला जाऊ नको. माझं नाय ऐकायची ती, तुझं ऐकंल." सायली बारावी झाली होती. सुट्ट्यांत ती माझ्याच क्लासमध्ये शिकलेली, म्हणून ही कामगिरी माझ्यावर.

"आणि माझ्या क्लासचा बोर्ड काय खाली उतरवू?" मी विचारलं.

"तो केवाच उतरवायला पायजे होता."

मग तो बोलत राहिला. हल्ली तो सकाळी मशीनला काम सांगतो आणि अंघोळ करून येईपर्यंत कोड लिहून तयार असतो. त्याने नुसता वाचायचा, चुका काढायच्या. "मास्तर झालो रे मी. पेपर तपासणारा." मला ते झोंबलं. मास्तर होणं एवढं वाईट का, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. तो म्हणाला, "तुझ्यासमोर पोरगं तरी असतं. त्याला ओरडता येतं, शाबास म्हणता येतं. मी कोणाला म्हणू?" तेवढ्यात चहा आला आणि बोलणं त्याच्या वांग्यांवर पडलेल्या किडीकडे गेलं. निघताना मी गाडीला किक मारली तेव्हा लक्षात आलं की आज तो 'आत्तापुरतं' म्हणाला नव्हता.

मी सायलीला ते सांगितलं नाही. आधी म्हटलं, बघू. मग तो गेला. दहावा झाला, तेरावा झाला, तिच्या प्रवेशाच्या याद्या सुरू झाल्या, आणि तिच्या बापाचं तिच्या आयुष्याविषयीचं शेवटचं वाक्य माझ्याकडे पडून राहिलं. सांगावं, तर बाप गेलेल्या मुलीला ते आज्ञेसारखं लागणार. ज्याची तिला लहानपणापासून ओढ, ते ती सोडून देणार. न सांगावं, तर मी कोण ते दाबून ठेवणारा? शिवाय माझ्या गप्प बसण्यात माझा स्वार्थ होता, आणि तो मला दिसत होता. वीस वर्षं हेच काम केलेला माणूस स्वतःच्या मुलीला 'येऊ नको' म्हणतो, हे एकदा तोंडातून बाहेर पडलं की मी रोज फळ्यासमोर उभा राहून काय विकतो, हा प्रश्न मलाच विचारावा लागणार होता. माझा एक विद्यार्थी भिवंडीच्या गोदामात खोक्यांवर बारकोडचं मशीन धरून टुकटुक करतो. भेटला की हसून म्हणतो, "सर, कॉम्प्युटरवरच आहे मी."

तर त्या दिवसांत मी एकच शोध घेत बसलो. विनायकचं ते बोलणं पक्कं होतं का? आणि मला उल्हासशेठच्या बँजोचं प्रकरण आठवलं.

आमच्याकडे हळदीला बँजो लागतोच. एक वेळ नवरदेव उशिरा आला तरी चालेल. उल्हासशेठची बँजो पार्टी शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे नावाजलेली, आणि त्याला वेबसाइटची हौस आली. विनायकने छान पान करून दिलं. लगीनसराईच्या तारखा मांडलेल्या, हवी ती तारीख दाबायची, थोडी रक्कम फोनवरून भरायची, तारीख बंद. मुरबाडकडच्या एका घराने तशी एक तारीख धरली. इकडे त्याच तारखेसाठी उल्हासशेठने सरळगावच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून विडा-सुपारी घेतली होती. हातात विडा पडला की तारीख गेली, ही आमच्याकडची रीत. ते त्या पानाला वेगळं कळवायला हवं, असं उल्हासशेठच्या मनातही आलं नाही. त्याला वाटलं, वेबसाइटला समजतंच. हळदीच्या दिवशी दोन मांडव, एक बँजो.

चूक आपली म्हणून विनायक दोन्हीकडे जायला निघाला. गाडी मी चालवत होतो. सरळगावला नवरीची मावशी दारातच उभी होती. विनायकने हात जोडून सगळं समजावलं, की त्या लोकांनी बटन दाबून पैसे भरले होते. मावशी शांतपणे म्हणाली, "मग तुमच्या कॉम्प्युटरला विडा दिला होता का कोनी?" मांडवातली माणसं खो खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विनायकचा चेहरा मात्र असा खुलला की जणू त्याला कुणीतरी हरवलेली किल्ली आणून दिली. मावशीच्या शेजारी तो ओट्यावर बसलाच. विडा कोण देतं, कोणाच्या हातात, घेणाऱ्याने खिशात ठेवला आणि खाल्ला नाही तर काय... मावशीला एकीकडे हळद दळलेली बघायची होती आणि हा प्रश्न विचारतोय. शेवटी ती म्हणाली, "ए बाबा, तू आधी बँजो आन." रात्रीच्या जेवणापर्यंत बँजो सरळगावला वाजला, मग टेम्पो तिकडे गेला, आणि सरळगावची पोरं बँजोच्या मागोमाग तिकडच्याही हळदीत जाऊन नाचून आली.

परत येताना विनायक मागे बसून एकटाच बोलत होता. "जगभर लोकांचा शब्द बटन दाबून पक्का होतो, असं धरूनच आमी सगळं बनवतो. तो कधी पक्का होतो, हे विचारायला पायजे ना रे आधी." पुढे कित्येक आठवडे तो भेटेल त्याला तेच विचारत होता. जमिनीचा व्यवहार ठरला असं कधी समजायचं? शेतावर सावड करतात, म्हणजे आज तुझ्या लावणीला आम्ही, उद्या आमच्या लावणीला तुम्ही. त्यात यायचं कबूल केलेल्याला माघार कधीपर्यंत घेता येते? एका शेतकऱ्याने सांगितलं, त्यांच्या घरची भाकर खाल्ली की मग माघार नाही. विनायक त्यावर दिवसभर खूश होता. वेबसाइट त्याने बदलली. पानावर आता फक्त विचारणा करता येते. विडा घेतल्यावर उल्हासशेठ स्वतः आपल्या फोनवर बोट ठेवतो, तेव्हा तारीख बंद होते. विनायकच्या कंपनीतल्या कुणी ते बघितलं असतं तर मागासलेलं म्हटलं असतं. विनायकला ते त्याच्या सगळ्या कामांत चांगलं वाटायचं. आत्तापुरतं.

आणखी एक दिवस आठवतो. माझ्या आग्रहावरून तो क्लासमध्ये मुलांशी बोलायला आला होता. मुलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर, पॅकेज किती मिळतं?" त्याने लपवाछपवी न करता सांगितलं, आणि हेही सांगितलं की तेवढं फार थोड्यांना मिळतं, आणि पुढे कुणाला मिळेल ते त्यालाही माहीत नाही. मी मागे बघितलं, दोन मुलांचे वडील तिथे उभे होते. मग शेवटच्या बाकावरून सायलीने हात वर केला. घरी रोज दिसणाऱ्या बापाला तिने सगळ्यांसमोर विचारलं, "तुमी का शिकलात पण?" विनायक म्हणाला, शहापूरच्या टायपिंग क्लासमध्ये पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्वतःचं नाव लिहिलं, मग पुसलं, आणि पुसलेलं नाव जातं कुठे ते कळेना. सर सांगेनात. "म्हणून शिकलो. दुसरं कारण नव्हतं गो." पोरं हसली. सायली हसली नाही. तिने विचारलं, "मग कुठं जातं?" तिच्याकडे तेव्हा तो ज्या नजरेने पाहत होता, ती नजर आणि किन्हवलीच्या बाकड्यावरचं ते वाक्य, यांची मला काही केल्या जोडी लावता येईना.

शेवटी गेल्या रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. वहिनी चुलीकडे होत्या. सायली मागच्या पडवीत विनायकच्या खुर्चीवर बसली होती, लोखंडी सांगाड्याची, हिरव्या पट्ट्यांनी विणलेली खुर्ची. मी कणगीला टेकून उभा राहिलो आणि सुरुवात केली. सुरुवात वाईट झाली. आधी प्रवेशाचं विचारलं, मग पावसाचं, मग म्हटलं, तुझे बाबा एक गोष्ट बोलले होते, म्हणजे तसं काही नाही, पण... मी थांबलो. कुणीही समजूतदार माणसाने इथे 'काय बोलले?' म्हणून हात दिला असता. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि मला दिसलं की तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आहेत.

विनायक असा बसायचा. नवीन पान तयार झालं की तो कुणालाही, शेजारच्या काकूंना, पोस्टमनला, मलाही फोन हातात देऊन समोर बसवायचा आणि स्वतः हातांवर बसायचा. माणूस चुकतो, अडतो, 'आता काय करू?' म्हणून बघतो, तेव्हा आपलं बोट पुढे जातं आणि मग तो कुठे अडला असता ते कधीच कळत नाही, असं त्याचं म्हणणं. आम्ही त्याला शिव्या घालायचो. तो तोंड घट्ट मिटून बसायचा, आणि डोळे मात्र लहान मुलासारखे आमच्या बोटामागे फिरत असायचे.

सायली तसंच बघत होती. मग माझं मलाच शेवटपर्यंत जावं लागलं. बाबांचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. मशीनचं, पेपर तपासण्याचं सांगितलं. ते 'आत्तापुरतं' म्हणाले नाहीत हेही सांगितलं. आणि ती तरीही गप्प, म्हणून जे सांगायला आलो नव्हतो तेही सांगितलं: एवढे आठवडे मी का बोललो नाही, त्यात तुझी काळजी किती होती आणि माझ्या बोर्डाची किती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"तेवा चहा आला होता का यायचा होता?"

"यायचा होता."

ती हसली. विनायक गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "चहाच्या आधी बाबांनी दोनदा हे घर विकायला काढलेलं, काका." मग हळू आवाजात, "पण खरं असंल ते. मशीनचं. मी पण बघते ना रोज. बाबा वाचत बसायचे, बोलायचे नाय."

"मग?"

"फॉर्मात पहिलं कॉम्प्युटरच टाकलंय मी. अजून बदलता येतं. नाय बदलत." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ते बरोबर होते का चुकले, ते बाहेर राहून मला कसं कळणार?"

आतून वहिनींनी हाक मारली. सायली उठली, तेव्हा तिने हात मांड्यांखालून काढले. दोन्ही तळव्यांवर खुर्चीच्या पट्ट्यांची वीण लालभडक उमटली होती, आडवी-उभी, चौकोन चौकोन. विनायकच्या हातांवर ती इतकी वर्षं पाहिली होती की मला वाटायचं त्याचे हातच तसे आहेत. सायलीने तळवे एकमेकांवर चोळले, वाकून बघितले, आणि आत गेली. चहाचा कप माझ्या हातात देतानाही ती वीण अजून गेली नव्हती.